मखरातलं अंडं

कौमुदीला पोहता येत नाही, आणि परदेशातल्या ब्रुनी बेटावर राहायला आल्यापासून वेड लागलंय ते समुद्राचंच. आता बोला! नर्सिंगची शिफ्ट संपली की बाई किनाऱ्यावर. शंख, शिंपले, शार्कच्या अंड्यांच्या चामड्यासारख्या रिकाम्या पिशव्या, सगळं उचलून घरी. जिवंत मात्र काही आणायचं नाही, हा तिचा नेम.

यंदा गणपतीचं मखर तिने त्यातूनच सजवलं. वादळानंतर पहाटे सापडलेली मधाच्या रंगाची एक पिशवी मूर्तीशेजारी टांगली. पूजा झाली, आरती झाली आणि नवरा यतिन फेरीबोट पकडून कामावर गेला.

दुपारी खिडकीतलं ऊन त्या पिशवीच्या आरपार गेलं. नैवेद्याचं ताट ठेवता ठेवता कौमुदी थबकली. आत इवलीशी शेपटी वळवळत होती.

"अगं बाई! ही तर भरलेली आहे!"

पिशवी सुकत चालली होती. समुद्र गाडीने पाच मिनिटांवर. पण गणपती बसला की घराला कुलूप लावायचं नाही, देवाला एकटं सोडायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलेलं आणि कौमुदीने आजवर पाळलेलं. यतिन येणार संध्याकाळी. तोवर हे पिल्लू थोडंच तग धरणार? तिला रडू यायला लागलं.

"बाप्पा, आलेच हं," म्हणत तिने पिशवी सोडवून घेतली आणि दाराला कुलूप घातलं.

पैठणीसकट ती कंबरभर पाण्यात शिरली. थंडीने जीव कळवळला, मग थंडी कळेनाशीच झाली. समुद्री शेवाळाचे लांब पट्टे झोपेत कूस बदलावी तसे हलत होते. त्यांच्यामधून ऊन खाली उतरत होतं, पदर तरंगत लांब गेला होता. पावलाशेजारून एक चपटा मासा निवांत निघून गेला. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. आपण किती वेळ उभे आहोत, हेही तिला उमगेना. तिने पिशवीच्या टोकांचे दोऱ्यासारखे तंतू शेवाळाच्या देठाला घट्ट गुंडाळले. शेपटी एकदा हलली.

गाडीपाशी आली तर पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

"बाप्पाचं दर्शन दाखव गं... अगं, ही काय दशा? कुठे आहेस?"

कौमुदीने सगळं सांगून टाकलं.

"देवाला एकटं टाकून?"

"आई, त्याच्यापाशी समई आहे, मोदक आहेत. ह्या पिल्लाला कुणीच नव्हतं हो."

सासूबाई फोनच्या जवळ सरकल्या.

"जगेल ना गं ते?"

"ठाऊक नाही, आई," म्हणताना कौमुदीला हुंदका फुटला.

"फोन जरा पाण्याकडे धर," सासूबाई म्हणाल्या, आणि डोक्यावर पदर घेऊन त्यांनी हात जोडले.