मयुरीच्या अंगावरची पानं

शेवटचं म्हणाल तर आम्ही दोघं अंगणात कोवळ्या उन्हात बसलो होतो. मयुरी, माझी नात, पाच महिन्यांची. मी तिच्या तळव्यांना तेल चोळत होतो, ती माझी मिशी ओढत होती. "मामाजी, रडवू नका तिले," सून शालू आतून ओरडली. मी म्हटलं, "रडून नाही राहिली, हसून राहिली!" दुपारी पोरीनं दूध सोडलं, कपाळावर घाम आला. जीपमध्ये छातीवर हात ठेवला तर ठोका असा लागतच नव्हता, नुसती थरथर... गोंदियाच्या दवाखान्यात पोचलो आणि गेली.

जन्मल्यावरच नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हृदयात गाठी आहेत. "कॅन्सर हाय का?" मी विचारलं. "नाही बाबा. बहुतेक लेकरांच्या आपोआप विरतात. पण तोवर ठोका एकदम धावू शकतो." मग त्यानं पोरीच्या मांडीवरचे पांढरे डाग पाहिले, पानासारखे लांबट, आणि आम्हा सगळ्यांची अंगं तपासली. तसाच डाग माझ्या मुलाच्या, रमेशच्या पाठीवर निघाला. माझ्या बायकोच्या, सीताच्या पोटरीवरही होता; ती जाऊन चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला, गाठी आणि डाग एकाच रोगाचे, आणि हा रोग पिढ्यान्पिढ्या उतरतो.

घरी येऊन सांगितलं, तर माझी मोठी बहीण ऐकेना. आम्ही तिला बाईच म्हणतो. शालू पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं आणि तिनं ग्रहणात अंबाडीची भाजी कापली होती. "पानं कापली, पानंच उमटली पोरीवर," बाई म्हणाली. "मेलेल्या सीतावर कायले ढकलून राहिला?" सीताचं नाव निघालं की माझी जीभ अडते. तरी पुन्हा पुन्हा सांगितलं. शालूनं त्यानंतर विळ्याला हात लावला नाही. पोरीच्या छातीला कान लावून बसायची, आणि गाठी विरायची वाट पाहायची...

मयुरीला मातीत ठेवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाया जमल्या होत्या. बाईनं शालूची पिशवी दारात आणून ठेवली. "धाडून दे हिले माहेरी. हिच्या हातानं पोरगी गेली." शालू रडतही नव्हती.

मी रमेशला अंगणात उभा केला, सदरा काढायला लावला.

"पाह्य बाई. याच्या पाठीवर हे पान कोणत्या ग्रहणात उमटलं? तवा शालूनं कोणती भाजी कापली होती?"

मी शालूची पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.