हरळीचे तुकडे

गणपतदा गेल्याचं मला रेशनच्या रांगेत कळलं, तेही तो जाऊन चार दिवस झाल्यावर. "आपल्या कारखान्यातला माळी रे, वाकोल्याला राहायचा," सांगणारा म्हणाला. मी नुसतं हं केलं आणि साखर घेऊन घरी आलो.

मुलुंडच्या कारखान्यात तो माळी आणि मी ड्रायव्हर. एका वर्षी फाटकाजवळच्या पडीक जागेत गुलाबाची बाग करायचं ठरलं आणि कंपनीने ट्रॅक्टर आणला, मागे फिरत्या पात्यांचा टिलर. त्या सीटवर बसलो की मी स्वतःला राजा समजायचो. जागा हरळीने भरलेली. गणपतदा उकिडवा बसून कुदळीने एकेक मूळ काढत होता, आणि मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून बागेच्या साहेबांना घाई. त्यांनी मला टिलर फिरवायला सांगितलं, तेव्हा गणपतदा ट्रॅक्टरला आडवा आला. "शांताराम, आधी हरळी मुळासकट काढूक व्हयी रे. पात्यांनी कापलंस तर तुकड्यातुकड्याक फुटतली."

"कुदळीचे दिवस गेले ना दादा! बघ आता, झकास काम होतं," म्हणत मी एका दुपारी सगळी माती भुसभुशीत करून टाकली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

महिन्याभरात वाफ्यांत हरळी अशी माजली, की गुलाबाची रोपं शोधावी लागत. मोठ्या साहेबांनी विचारलं, जमीन कुणी तयार केली? बागेचे साहेब म्हणाले, माळ्याने. मी तिथेच, हाताच्या अंतरावर उभा होतो. गणपतदाने माझ्याकडे एकदा पाहिलं… मी बुटाला लागलेली माती बघत राहिलो. नोकरी नवी होती, पोरं लहान होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो. खरं सांगायचं तर मी घाबरलो. अठरा वर्षांची त्याची नोकरी गेली. पुढे तो वाकोल्यात लोकांच्या कुंड्यांना पाणी घालत फिरे. मी एकदाही भेटायला गेलो नाही.

तेराव्याला मात्र गेलो. वहिनींनी चहा दिला आणि शेजारणीला माझी ओळख करून दिली. "हेच ते शांताराम. आमचे हे नेहमी सांगीत, सायबासमोर सगळे गप रवले, माझी बाजू घेतल्यान ती एकट्या शांतारामान."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी बायकोसमोर तरी आपल्या बाजूने कुणी बोललं होतं असं सांगता यावं, एवढं त्याला हवं असणार… तो माणूस म्हणून त्याने मलाच निवडावं?

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. चहा छान झालाय, एवढंच मी म्हणालो.