साफ बाजू

तालुक्यातल्या डॉक्टरांना छातीचे एक्स-रे वाचायला मी शिकवते. बीडच्या एका वर्गात पहिल्याच रांगेत तो येऊन बसला आणि माझं शिकवण्यातलं लक्षच उडालं. मला फक्त सूड हवा होता.

परळीत त्याचा दवाखाना. माझे अण्णा तिथल्या वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होते. मी बारावीत असताना एका सकाळी त्यांना अचानक दम लागला. आई आणि मी त्यांना धरून त्याच्याकडे नेलं. अण्णा कसेबसे म्हणाले, "डॉक्टर, छातीत हवा भरल्यावानी व्हायलंय."

तो हसला. "हवा पोटात भरती, छातीत न्हाई." एक्स-रे काढून त्यानं खिडकीकडे धरला. "डावीकडं राखेचे डाग हायेत. उजवी बघा, एकदम साफ. ग्यास हाय." त्यानं गोळी दिली. अण्णा परतताना रिक्षातच वारले.

ती फिल्म आईनं गादीखाली जपली होती. डॉक्टर झाल्यावर मी ती नीट पाहिली. उजवी बाजू साफ नव्हती, रिकामी होती. फुप्फुस आकसून मध्ये गोळा झालं होतं आणि भोवती नुसती हवा; ती वेळीच सुईनं काढली तर माणूस वाचतो. हवा काळी दिसते. निरोगी फुप्फुसही काळंच दिसतं, पण त्यात रक्तवाहिन्यांच्या बारीक रेषा असतात. त्या शोधायच्या असतात. त्यानं शोधल्या नाहीत.

वर्गात मी नाव झाकून तीच फिल्म पडद्यावर लावली आणि त्यालाच उभं केलं. "काय दिसतंय, सर?" मी अगदी गोड आवाजात विचारलं.

"डावीकडं थोडे डाग हायेत, मॅडम. उजवी एकदम साफ."

मेल्यानं शब्दसुद्धा बदलला नव्हता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? सगळ्यांसमोर मी त्याला पडद्याजवळ बोलावलं आणि उजवीकडची एक तरी रेष दाखवा म्हणाले. तो शोधत राहिला. मी त्याला शोधू दिलं. शेवटी घाम पुसत त्यानं विचारलं, "पेशंट वाचला का, मॅडम?"

"न्हाई," मी त्याच्याच बोलीत म्हणाले. "तुमी ग्यासची गोळी दिलती. माझे वडील होते ते."

जेवणाच्या सुट्टीत तो हात जोडून आला, तेव्हा मी पाठ फिरवली. एवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला. "मॅडम, सिरसाळ्याचा एक जण आलता. लई दम लागलेला. उजवी बाजू काळी, रेष एक न्हाई. सुई घालून हवा काढली. वाचला बघा!"

माझ्या तोंडून शाबासकी निघेना. "सुई घालायला किती वेळ लागला?" मी विचारलं.

"कशाचा वेळ, मॅडम? लगीच झालं."

मी फोन आपटला. त्या माणसाला मी कधीच माफ करणार नाही. लगीच झालं म्हणे.