गवतवाल्याचा हौद

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कुठला पंच कुठल्या गुन्ह्यातला, हे सांगायला मला थांबून विचार करावा लागतो. गवतवाल्याच्या प्रकरणाचं मात्र तसं नाही. ते पहिल्या फोनपासून कोर्टातल्या साक्षीपर्यंत जसंच्या तसं आठवतं.

तेव्हा मी बीड तालुक्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. लिंबागणेशच्या पुढच्या डोंगरपट्ट्यात एका बिल्डरनं माळरान विकत घेऊन त्यावर गोल्फचं मैदान केलं होतं. सोबत थोडे बंगले, एक हॉटेल. सुट्टीच्या दिवशी बाहेरगावच्या मोठ्या गाड्या यायच्या. आसपासच्या गावांत त्याला 'गोल्फचं रान' म्हणत. उन्हाळ्यात चहूकडं करडा माळ आणि मधेच तो हिरवागार तुकडा. रस्त्यानं जाणारा माणूस एकदा तरी मान वळवून बघायचाच.

तो हिरवा तुकडा राखणारा माणूस शिरूर कासारकडचा. पूर्वी नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जायचे. पुढं पुण्याजवळच्या एका गोल्फ मैदानावर तो मजूर म्हणून लागला, तिथंच काम शिकला, आणि बिल्डरनं त्याला आपल्याकडं मैदानाचा प्रमुख करून आणलं. सकाळी लांब बांबूनं गवतावरचं दव झाडायचं, भोकाभोवतीचं गालिच्यासारखं गवत मशीननं कापायचं, वाळूच्या खड्ड्यांना दाताळं मारायचं, मुळं खाणारी हुमणी अळी लागली तर औषध द्यायचं, आणि बंगल्यांचं सांडपाणी शुद्ध करून ते अख्ख्या मैदानाला पुरवायचं, असं त्याचं काम. बायको त्याच मैदानावर बायकांची टोळी घेऊन खुरपणी करायची. गावानं त्याला 'गवतवाला' नाव पाडलं होतं. खरं नाव सांगायचं नाही, म्हणून मीही तेच वापरतो.

मार्च महिना होता. ठाण्यात सकाळची हजेरी होऊन मी बंदोबस्ताचं वाटप करत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आले.

"साहेब, गोल्फच्या रानाजवळ शेळ्या पटापट मरून पडल्यात. एक म्हातारीही बेशुद्ध हाय. गाव गोळा झालंय."

स्टेशन डायरीला नोंद घालून आम्ही निघालो. मैदानाच्या तारेच्या कुंपणाबाहेर सिमेंटचा एक छोटा हौद होता. त्याच्याभोवती शेळ्या पडल्या होत्या, तोंडाला फेस. त्या शेळ्या शेजारच्या वस्तीवरच्या एका एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या. सगळे तिला मावशी म्हणायचे. शेळ्यांच्या आधी तीच त्या हौदातलं पाणी ओंजळीनं प्यायली होती. तिला मैदानाच्या पिकअपमध्ये घालून जिल्हा रुग्णालयात नेलं होतं, आणि नेणारा होता गवतवाला.

फाटकावर मात्र त्याच्याच नावानं ओरडा चालला होता.

"त्या गवतवाल्याला भाईर काढा! त्यानंच इख घातलंय!"

कारणही तयार होतं. मावशीच्या शेळ्या कुंपणातून आत शिरायच्या, कोवळं गवत खायच्या. त्यावरून महिनाभरापूर्वी दोघांची कडाक्याची भांडणं झाली होती, आणि ती साऱ्यांनी ऐकली होती. कुणीतरी मशीनची शेड पेटवायची भाषा करत होतं.

अशा वेळी जमावाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे दोघे निवडले आणि त्यांनाच पंच केलं. पंच झालेला माणूस ओरडायचं सोडून बघायला लागतो, हा माझा अनुभव आहे. त्या दोघांसमोर हौदातल्या पाण्याच्या बाटल्या भरल्या, लाख लावून सीलबंद केल्या. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून शेळ्यांचं शवविच्छेदन करून घेतलं. दुपारपर्यंत त्यांचं प्राथमिक मत आलं: कीटकनाशक. शेड शाबूत राहिली, आणि अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल झाला.

दुपारी ठाण्याच्या फोनवर एक निनावी खबर आली. पुरुषाचा आवाज.

"इखाचा डबा गवतवाल्याच्या स्टोअरात हाय. डाव्या भितीला युरियाची पोती हायेत, त्यातल्या खालच्या पोत्याच्या मागं बगा."

एवढं बोलून फोन बंद. आम्ही तेच पंच घेऊन स्टोअर उघडलं. सांगितलेल्या जागी डबा होता. हुमणीचं औषध, अर्ध्याहून कमी उरलेलं. पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. डबा मुद्देमाल म्हणून जप्त झाला.

गवतवाला रुग्णालयातून परतला तो थेट ठाण्यातच. त्याच्या शर्टावर मावशीची उलटी वाळलेली होती. मी त्याला समोर बसवलं.

"तो हौद कुणी बांधला?"

"म्हायती न्हाई, साहेब."

"पाइप तुझ्या मैदानाच्या लाइनीतून काढलेला आहे."

"म्हायती न्हाई."

"डबा तुझा?"

"औषध आमचंच हाय. पर ते कपाटात कुलपात आसतं. तिथं कसं आलं, म्हायती न्हाई."

हौदाबद्दल तो खोटं बोलत होता, हे कुणालाही कळलं असतं. नजर खाली, हाताची बोटं एकमेकांत अडकवलेली. मी बाहेर आल्यावर माझे हवालदार म्हणाले, "साहेब, अजून थोडं रेटलं की कबूल होईल."

मला ते पटलं नव्हतं, आणि त्याचं कारण होतं तो फोन. खबर देणारे मी आयुष्यभर ऐकले. खरा खबरी माणसाबद्दल बोलतो. अमक्याला डबा नेताना पाहिलं, तमक्याच्या हाताला वास येत होता, असं काहीतरी. हा मात्र माणसाबद्दल एक शब्द बोलला नव्हता. त्यानं फक्त जागा सांगितली होती, तीही पोत्यासकट. वस्तूची जागा इतकी चोख कुणाला माहीत असते? लपवणाऱ्याला. गवतवाल्यानं स्वतः लपवून स्वतःच फोन केला असेल, हे शक्य नव्हतं. त्या वेळी तो रुग्णालयात मावशीजवळ उभा होता, आणि डॉक्टरांनी त्याचं नाव केसपेपरवर लिहून घेतलं होतं.

संध्याकाळी त्याची बायको ठाण्यात आली. महिला शिपायानं तिला पाणी दिलं. ते तिनं बाजूला ठेवलं आणि उभ्यानंच बोलायला लागली.

"हौद त्यांनीच बांधलाय, साहेब. मालकाला न इचारता पाइप काढला, म्हनून त्ये बोलत न्हाईत. नोकरी गेली तर पुन्यांदा कोयता हातात घ्यावा लागंल, ह्येची भीती लई हाय त्यांला."

"मावशीशी भांडण झालं होतं ना?"

"झालं की! म्हनून तर हौद बांधला. आवं, शेरडं पान्यापायी आत घुसतेत. भाईर पानी दिल्यावर आत कावून येतील? हौद झाल्यापसून एक शेरडू आत आलं न्हाई. मावशीला इचारा."

मी युरियाच्या पोत्यांचा विषय काढला. तिनं लगेच मान वर केली.

"ती पोती तर सकाळी, शेरडं मरायच्या जरा आदी, मीच सरकवली. खालून उंदरानं फाडलती, म्हनून समदी काढून झाडून पुन्हा लावली. डबा आसता तर मला दिसला नसता का?"

तिच्या टोळीतल्या दोन बायका त्या वेळी सोबत होत्या. त्यांना वेगवेगळं बसवून जबाब घेतले. तिघींचं तंतोतंत जुळलं. म्हणजे डबा तिथं ठेवला गेला तो शेळ्या मेल्यानंतर, सगळे फाटकावर आणि गवतवाला रुग्णालयात असताना. स्टोअरच्या आणि औषधाच्या कपाटाच्या चाव्या दोघांकडंच होत्या. एक गवतवाला. दुसरा गवत कापायचं मशीन चालवणारा.

हा मशीनवाला त्याच गावचा. मैदानातले दगड वेचण्यापासून तो तिथं कामाला. प्रमुखाची जागा आपल्यालाच मिळणार, असं त्यानं गावभर सांगितलं होतं. बिल्डरनं बाहेरून माणूस आणला, तेव्हा हा वरवर काही बोलला नाही. गवतवाल्याच्या हाताखाली मुकाट्यानं काम करत राहिला.

इकडं खबरीच्या फोनचा नंबर निघाला होता. तो फाट्यावरच्या एका रसवंतीवाल्याचा होता. साध्या कपड्यात एक शिपाई तिथं पाठवला. रसवंतीवाला बिचारा घाबरून गेला. "मी न्हाई, साहेब, मशीनवाला आलता. म्हनला, बॅटरी उतरली, एक फोन लावू दे. मी गिऱ्हाइकाला रस देत व्हतो, काय बोलला त्ये ऐकलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याला चौकशीला बोलावलं. आवाज चढवला नाही. त्याला चहा दिला आणि आदल्या दिवसाची हकीकत सुरुवातीपासून सांगायला लावली. तो कुठंही न अडखळता बोलत गेला. सकाळपासून फाटकावरच होतो, मावशीसाठी जीव तुटत होता, वगैरे. खरं सांगणारा माणूस मधे थांबतो, आठवतो, चुकलं तर दुरुस्त करतो. याचं पाठांतर होतं.

"फाट्यावर गेला होतास?"

"न्हाई, साहेब."

मी रसवंतीवाल्याला आत बोलावलं. त्याला पाहताच मशीनवाल्यानं पवित्रा बदलला. "हां, गेलतो जरासा. घरी फोन लावायला."

"तुझ्या घरी?"

"व्हय."

"आमच्या ठाण्याचा नंबर तुझ्या घरचा कधीपासून झाला?"

त्यानं चहाचा कप बाजूला सारला. मग खालच्या आवाजात विचारलं, "मावशी कशी हाय?"

"श्वासाला यंत्र लावलंय. डॉक्टर काही सांगत नाहीत."

तिथं तो फुटला. डोकं टेबलावर ठेवून रडायला लागला. "तिला मी कावून मारीन, साहेब? माझ्या आईच्या बरूबरीची ती. लहानपनी तिच्याच शेरडाचं दूध प्यालो. शेरडं मरतील, गाव खवळंल, ह्येला हाकलून देतील, येवढंच डोक्यात व्हतं. ती त्येच पानी पिईल, हे ध्यानातच आलं न्हाई."

नुसत्या रडण्यावर गुन्हा शाबीत होत नाही. पंचांसमोर त्याचं निवेदन घेतलं. मग तो स्वतः पुढं चालत गेला आणि कुंपणालगतच्या बोरीच्या जाळीतून औषध हौदात ओतायला वापरलेला प्लास्टिकचा मग काढून दिला. पुढं रासायनिक प्रयोगशाळेच्या अहवालात मगातलं, डब्यातलं आणि हौदातलं औषध एकच निघालं. आदल्या दिवशी ओरडणारे ते दोन पंच या पंचनाम्यावर सह्या करताना एकमेकांकडं बघत नव्हते.

चौकशीसाठी थांबवून ठेवलेल्या गवतवाल्याला मी ठाण्याबाहेर जीपपर्यंत सोडायला गेलो. मालकाला हौदाचं कळलंय, हे त्याला सांगितलं, आणि नोकरी शाबूत आहे, हेही. मालकाशी मी आधीच बोललो होतो. ज्या माणसानं म्हातारीला उचलून नेलं, त्याला काढलंत तर उद्या गावाला काय तोंड दाखवाल, एवढंच विचारलं होतं. बाहेर थांबलेल्या बायकोनं गवतवाल्याचा दंड धरला आणि दोघं निघून गेली.

मावशी वाचली. बोलण्याइतकी बरी झाल्यावर मी तिचा जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो. हवालदार लिहीत होते. ती मधेच म्हणाली, "मला उचलून गाडीत कुनी घातलं, त्ये लिव्हलं का?"

"लिहिलं, मावशी."

"वाचून दावा."

हवालदारांनी वाचून दाखवलं, तेव्हाच तिनं अंगठा दिला.

खटला उभा राहिला. मी साक्ष दिली, बचावाच्या वकिलांनी मला उलटसुलट खूप विचारलं, पण प्रकरण टिकलं. मशीनवाल्याला शिक्षा झाली.

या प्रकरणातून मी एक गोष्ट पक्की केली आणि नंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगत आलो. निरपराध माणूसही खोटं बोलतो. घर, नोकरी, अब्रू, कशाच्या तरी भीतीनं तो एक लहानसं खोटं धरून बसतो. त्या लहान खोट्यावरून त्याला मोठ्या गुन्ह्यात अडकवणं फार सोपं असतं. त्याची भीती कशाची आहे, हे आधी शोधलं, तर तपास भरकटत नाही. गवतवाल्याला फाशीची भीती नव्हती, त्याला कोयत्याची होती.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो होतो. फाटकाशी गाडी थांबवली. गवतवाला ओळखून पुढं आला, नमस्कार केला. आत दूरवर हिरव्या उतारावर एक बाई कापणीचं मशीन चालवत होती. डोक्याला पदर घट्ट बांधलेला, नजर समोरच्या ओळीवर.

"ही कोण नवीन?"

"मशीनवाल्याची मालकीन," तो म्हणाला. "त्यो जेलात गेल्यावर घरी खायचं वांदं झालं. गावात कुनी कामाला लावंना. मी मालकाला म्हनलं, मशीन मी शिकवितो."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्याला वाटलं असावं, मी नाराज आहे. तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "साहेब, त्यानं केलं त्ये त्यानं केलं. तिनं काय केलंय?"

गुन्हा ज्याचा त्याचाच, हे मी पोलीस म्हणून कित्येक पंचायतींत, कित्येक भांडणांत घसा कोरडा करून सांगितलं होतं. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन आरोपीच्या बायकापोरांशी बोलणं टाकायचे. ते पाळणारा माणूस मला त्या फाटकाशी भेटला. आमच्यासमोर मशीन उताराच्या टोकाशी जाऊन वळलं आणि कापलेल्या पट्ट्याला लागून परत यायला लागलं.