चित्रात काय कमी आहे

“पोरींची अक्कल बारा वर्सांपर्यंत पळती अन् मंग खाली बसती, असं पाव्हणे म्हणून राहिले,” थोरले काका ओसरीवर बाबांना सांगत होते. “अन् तुमी हिला सतराव्या वर्साला कॉलेजात घालायलाव.”

मी पडद्यामागं तांदूळ निवडत होते. आई आणि आत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. दोघींनी ऐकलं, पण मान कुणीच वर केली नाही.

हैदराबादेच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन मी त्या उन्हाळ्यात हिंगोलीला परत आले होते. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून बोलत नसे, आणि घरी माझी मराठी पुस्तकी वाटते म्हणून. सगळ्यांनी मला गरीब स्वभावाची ठरवून टाकलं होतं. सकाळी अंगण, दुपारी माजघर, संध्याकाळी पुन्हा माजघर. खिडकीला गज होते आणि खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत. जवळच्या हट्टा गावातल्या एका घरून स्थळ आलं होतं. माणसं चांगली होती, जमीन होती. नाही म्हणायला माझ्याजवळ एकच कारण होतं, ते म्हणजे मला पुढं शिकायचं होतं. आणि ते कारण आमच्या घरात कारण धरलं जात नव्हतं.

होकार कळवायचा, तेवढ्यात हे हैदराबादेचे पाहुणे आले आणि बाबा अडखळले. पाहुणे तिथं कॉलेजात मानसशास्त्र शिकवत, आणि गावोगावच्या शाळांत जाऊन मुलामुलींच्या बुद्धीची तुलना करत. आमच्याकडेच उतरले होते. बाबा वकील; तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय ते काही ठरवत नसत. म्हणाले, पाहुण्यांचं काम होऊ दे, मग त्यांनाच विचारू. आता ते काम झालं होतं, आणि पाहुणे उद्या सकाळी पूर्ण्याच्या गाडीनं निघणार होते. त्यांनी हो म्हटलं, तर हैदराबादेत माझ्या राहण्याची सोयही तेच बघणार होते. नाही म्हटलं, तर हट्ट्याला होकार जाणार होता.

जेवताना ते आपल्या शास्त्राची हकीकत सांगत, आणि बाबा ती सगळ्यांना मराठीत सांगत. पूर्वीच्या विद्वानांनी मेंदू तराजूत घातले. बायकांचा मेंदू वजनाला कमी भरला, तेव्हा निकाल लागला असं सगळ्यांना वाटलं. मग कुणी विचारलं, वजनावरच असेल तर हत्तीला प्रोफेसर का करत नाही? तराजू बाजूला पडला. पुढं काहींनी म्हटलं की सरासरीनं दोघं सारखेच, पण पुरुषांत फार हुशारही जास्त आणि ठार मूर्खही जास्त. हे ऐकून आत्या पोळी लाटता लाटता पुटपुटली, “त्यातल्या एका बाजूचे तर आमी रोज वाढून राहिलो.” आईला हसू आवरेना. आता चाचण्या आल्या आहेत, पाहुणे म्हणाले. चाचणीला मुलगा-मुलगी कळत नाही, ती खोटं बोलत नाही.

त्यांना मराठी बेताचीच येई. मुलांच्या शाळेत मास्तर होते. मुलींच्या शाळेत प्रश्न मराठीत सांगायला त्यांनी मला नेलं. चित्रं होती, प्रत्येकात एक गोष्ट काढलेली नव्हती. काय कमी आहे ते घड्याळ लावून सांगायचं. परदेशी चित्रं आपल्या मुलांना परकी वाटतील म्हणून त्यांनी चित्रकाराकडून इकडची काढून घेतली होती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. बैलगाडीला एक चाक नव्हतं. मुलींनी पटकन सांगितलं. मोटेला दोर नव्हता, तेही सांगितलं.

तिसरं चित्र एका बाईचं होतं. नऊवारी, नथ, मंगळसूत्र, हातभर बांगड्या. कपाळ कोरं.

पहिली मुलगी चित्राकडं बघून पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागली. दुसरीनंही तेच केलं. एक रडवेली झाली. सवाष्णीच्या कपाळाबद्दल ते शब्द तोंडातून काढायचे नसतात, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. फक्त बांगड्या भरणाऱ्या मुसलमान मण्याराच्या मुलीनं उत्तर दिलं, तेही इकडंतिकडं बघत, हळूच. तिच्या घरी ते निषिद्ध नव्हतं. पाहुण्यांनी तिला शाबास म्हटलं. बाकीच्या त्या चित्रानंतर मिटूनच गेल्या. पुढच्या सोप्या चित्रांनाही कुणी तोंड उघडेना.

मी इंग्रजीत त्यांना सांगू लागले. त्यांनी हात वर केला. दुभाष्यानं प्रश्न सांगायचा, स्वतःचं काही बोलायचं नाही. नाहीतर चाचणी बिघडते. मी गप्प झाले. गप्प बसायची मला सवयच होती. त्या दिवसापासून मुली का बोलल्या नाहीत ते सांगायचं राहूनच गेलं होतं, आणि ओसरीवर बायकांनी जायची पद्धत नव्हती.

काकांचं बोलणं चालू असतानाच पाहुणे फिरून आले. बाबांनी त्यांना विचारलं. पाहुणे सभ्य माणूस. म्हणाले, मुलगी गुणी आहे, पण माझ्या चाचण्या काय सांगतात ते तुमच्यापासून कसं लपवू? आणि त्यांनी पेटीतून तेच चित्र काढून काकांपुढं धरलं.

“कुक्कू न्हाई की,” काका लगेच म्हणाले. मग हसून, “आता आत इचारा.”

चित्र पडद्याखालून आत सरकलं. आईनं पाहिलं आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडं गेला. तिनं ते आत्याकडं दिलं. माझी आत्या विसाव्या वर्षी माहेरी परत आलेली; तेव्हापासून तिचं कपाळ तसंच होतं. तिनं त्या बाईकडं बराच वेळ पाहिलं. मग चित्र जमिनीवर उपडं ठेवलं.

“काई कमी न्हाई तिच्यात,” ती म्हणाली.

बाहेर काका हसले. पाहुण्यांनी समजुतीनं मान हलवलेली मला पडद्याच्या फटीतून दिसली. बाबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. त्यांचं ठरलं की ते असं करत.

माझ्या मांडीवरचं सूप खाली उतरलं. मी चित्र उचललं, पडदा सारला आणि ओसरीवर गेले. आईनं मागून माझा पदर धरला होता, तो सुटला. इंग्रजीत सांगितलं असतं तर फक्त पाहुण्यांना आणि बाबांना कळलं असतं. मी मराठीत बोलले, सावकाश, माजघरातही ऐकू जाईल असं.

“या बाईच्या कपाळावर कुंकू नाही. आईला दिसलं, आत्याला दिसलं, शाळेतल्या सगळ्या मुलींना दिसलं होतं. आमच्यात हे बायकांनी बोलायचं नसतं. आता मी बोलले आहे. माझं उत्तर लिहून घ्या.”