कपाटाच्या दारावरचा नियम

आमच्या कारखान्यातील जुन्या मंडळींनी मध्यंतरी एक स्मरणिका काढली. तीत माझ्यावर दीड पान आहे. ते प्रेमाने लिहिलेले आहे, आणि त्यातले मुख्य विधान खोटे आहे. पिंपळगावच्या शीतगृहातला बिघाड माझ्या सहकाऱ्याच्या चुकीने झाला, तो मी शोधून काढला आणि कारखान्याची अब्रू वाचवली, असे ते विधान.

याच घटनेच्या आणखी दोन आवृत्त्या प्रचारात आहेत. आमचे त्या वेळचे व्यवस्थापक सांगतात की वीज खालीवर झाली. दोष कोणाचाच नव्हता. त्या यंत्राला स्वतःची बॅटरी होती आणि ती मी निवडलेली होती, एवढे सांगून मी त्यांना गप्प केले. भांडारात काम करणारे एक गृहस्थ म्हणतात की माझ्या त्या सहकाऱ्याचा जीव फुलांच्या मळ्यात होता, कामात नव्हता. त्यांच्याशी मी लग्नाच्या मांडवात भांडलो, आणि बायकोने मला दंडाला धरून बाहेर नेले. स्मरणिकेच्या आवृत्तीशी मात्र मी कधीच भांडलो नव्हतो. ती मला आवडत होती. तिच्याशी आता भांडतो आहे.

कारखाना सातपूरचा. आम्ही शीतगृहांसाठी नियंत्रक बनवत असू. खोलीचे तापमान मोजायचे, त्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा आणि दार फार वेळ उघडे राहिले तर घंटा वाजवायची, एवढे त्याचे काम. यंत्रातली जागा इतकी थोडी होती की प्रोग्राम असेंब्लीत, एकेक आज्ञा हाताने लिहूनच बसवावा लागे. लिहिणारे दोघे, तो सहकारी आणि मी. सतत फिरत राहणारा मुख्य भाग त्याचा. मोजणी, पडदा आणि घंटा ही रुटीन, म्हणजे बोलावले की चालणारे छोटे भाग, माझी. त्याच्या भागाने हाक मारायची, माझ्या भागाने काम करून परतायचे.

हाक मारताना द्यायच्या किमती, म्हणजे आकडे, यंत्राच्या स्मृतीतल्या थप्पीवर, स्टॅकवर, रचून ठेवाव्या लागतात. त्यांच्यावर परतीचा पत्ता बसतो. बोलावलेले रुटीन काम संपवून त्या पत्त्यावर परत जाते. पण रचलेल्या किमती तशाच राहतात. त्या उचलायच्या कोणी, हाक मारणाऱ्याने की बोलावलेल्याने? प्रोसेसरला त्याचे सोयरसुतक नसते. दोन लिहिणाऱ्यांनी ते आपसात ठरवायचे आणि पाळायचे. दोघांनी उचलले तर घात, कोणीच उचलले नाही तरी घात.

तो मखमलाबादच्या बाजूचा, झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या घरातला. त्याने हा प्रश्न एका वाक्यात निकाली काढला होता.

"जेवला त्यानं आपलं पान उचलायचं. वाढणाऱ्याला परत कशाला वाकायला लावतो?"

मला ते अशास्त्रीय वाटले, पण पटले. आमच्या खोलीतल्या करड्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून आम्ही खडूने नियम लिहीत असू. हा तिथला पहिला नियम होता. त्याखाली दोघांच्या सह्या. बदल करायचा तर दोघे समोर असताना, दोन सह्यांनी, हेही त्यानेच ठरवले. अक्षर माझे, कारण त्याचे वाचता येत नसे. "तू लिही बाबा," तो म्हणे, "तुझं अक्षर लय शिस्तीचं. वाचणाऱ्याला वाटतं देवानंच सांगितलंय."

दसऱ्याच्या आधी तो दरवर्षी रजेवर जाई. घरादाराला झेंडू तोडायला उतरावे लागे. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेसाठी त्याच्याकडून फुलांची पाटी येई, तो स्वतः येत नसे. पूजेआधी आम्ही सगळी खोली झाडून-पुसून घेत असू. हे मी येथे मुद्दाम लिहितो आहे. पूर्वी सांगताना माझ्याकडून ते नेहमी सुटत आले.

त्या हिवाळ्यात आमचे यंत्र पिंपळगावला लागले. सातपूरला ते पंधरा दिवस टेबलावर निर्वेध चालले होते. पण टेबलाला दार नसते. घंटेची परीक्षा आम्ही बटण दाबून चारदोनदा घेतली होती. पिंपळगावला द्राक्षांचा हंगाम सुरू झाला, दिवसभर टेम्पो लागू लागले, दारे उघडीच राहू लागली आणि घंटा सारखी वाजू लागली. प्रत्येक घंटेमागे दोन किमती स्टॅकवर पडून राहत होत्या. दाराचा क्रमांक आणि मिनिटे. कोणी उचलत नव्हते. स्टॅक सरकत सरकत एके दिवशी, खोली किती थंड ठेवायची तो आकडा जिथे साठवला होता, तिथवर पोचला. त्या आकड्याच्या घरात एक परतीचा पत्ता जाऊन बसला. यंत्राने त्या पत्त्यालाच तापमान समजून वाचले, खोली हवी त्याहून फार थंड आहे असे मानले आणि कॉम्प्रेसर बंद केला. लोकांच्या लक्षात येईपर्यंत देठ काळे पडले होते, मणी मऊ झाले होते.

चौकशी व्यवस्थापकांच्या खोलीत झाली. न उचललेल्या किमती मी शोधून दाखवल्या. हाक त्याच्या मुख्य भागातून गेलेली होती; नियमाप्रमाणे हाक मारणाऱ्याने त्या उचलायला हव्या होत्या, असे मी सांगितले.

तो म्हणाला, "नियम असा नव्हता."

"दारावर लिहिलेला आहे," मी म्हणालो. "जाऊन वाचून ये."

तो गेला. परत आला तेव्हा दारातच उभा राहिला.

"लिहिलंय," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्षर तुझं हाय."

"अक्षर कुणाचं का असेना," व्यवस्थापक म्हणाले, आणि चौकशी संपली.

मी ते टोमणा म्हणून घेतले. माझ्या अक्षरावरून तो नेहमीच बोले. पंधरा दिवसांनी त्याने राजीनामा दिला आणि मळ्यात गेला. पुन्हा त्याने कोणाच्या यंत्राला हात लावला नाही. आम्ही बोलेनासे झालो. मखमलाबादच्या रस्त्याने मी किती वेळा गेलो असेन. त्याच्या मळ्याशी गाडी हळू करी, थांबवीत नसे. माफी त्याने मागावी अशी माझी अपेक्षा होती. हे वाक्य मी खोडणार होतो, पण राहू देतो.

तो वारला तेव्हा दहाव्याला रामकुंडावर गेलो आणि मागच्या रांगेत उभा राहिलो. त्याच्या मुलीने मला ओळखले. ती संगणकाच्याच क्षेत्रात आहे, हे मला तिथे कळले. काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, ती गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी आली. हातात लॅपटॉप आणि जुन्या छापील कागदांचे बाड. बापाच्या ट्रंकेतले कागद बघून तिने आमचा सगळा प्रोग्राम ओळीओळीने टंकून काढला होता, आणि जुन्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एका प्रोग्रामात चालवून पाहिला होता.

"काका, मला एवढंच कळायला हवंय," ती म्हणाली. "चूक बाबांची होती का? असली तर असू दे. पण स्मरणिकेतून नाही, तुमच्याकडून."

मला तिचे धाडस आवडले आणि मी शिकवायला बसलो. स्टॅक कसा वाचायचा ते सांगितले. प्रत्येक रुटीनची स्टॅकवर आपली एक चौकट, फ्रेम, असते. तिच्यात आधीच्या फ्रेमचा पत्ता असतो. एकेक पत्ता धरून मागे चालत गेले की कोणी कोणाला बोलावले ते सगळे कळते. हे तिला माझ्यापेक्षा चांगले येत होते. तिने ऐकून घेतले.

"अहो, तिला बोलू तरी द्या," बायको चहा ठेवत म्हणाली. "कारखाना सुटून इतकी वर्षं झाली, तुमची पाळी अजून संपलेली नाही."

मुलीने पडदा माझ्याकडे वळवला. सगळ्यात आतल्या फ्रेमपासून मागे चालत आलो आणि मुख्य भागाशी पोचलो, तर तिथे त्याच त्या जोड्या. दार दोन, मिनिटे चार. दार दोन, मिनिटे सहा. दार एक, मिनिटे पाच. संपेनात. कोणे एके काळी पिंपळगावला उघडे राहिलेले प्रत्येक दार तिथे पडून असावे, तसे वाटले.

"बघ," मी म्हणालो. "उचलल्याच नाहीत. तुझ्या बाबांनी उचलायला हव्या होत्या."

"दारावरचा नियम पहिल्यापासून असाच होता?" तिने विचारले.

"पहिल्यापासून."

"ते कपाट कधी धुतलं होतं का, काका?"

"कपाटाचा काय संबंध?"

"बाबा आजारपणात सारखं विचारायचे. कपाट धुतलं होतं का, विचारून ये. आईला वाटायचं, घरातल्या कपाटाबद्दल बोलतायत. तिनं ते दोनदा धुतलंसुद्धा."

"कारखान्यातली कपाटं कोण धुतो?" मी म्हणालो.

"खंडेनवमीला धुवायचात की," बायको दारातून म्हणाली. "शर्टाची वाट लावून यायचात. मलाच घासावा लागायचा."

मुलीने बाडातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझ्याच घंटेच्या रुटीनचा सगळ्यात पहिला छापील उतारा, खाली माझी सही. शेवटच्या ओळीत परतीची आज्ञा आणि तिच्यापुढे चारचा आकडा. त्या आकड्याचा अर्थ एकच: परत जाताना चार बाइट, म्हणजे दोन किमती, उचलून जा. समासात माझ्या शिस्तीच्या अक्षरात लिहिलेले होते, 'बोलावलेल्याने उचलले.' जेवला त्यानेच पान उचललेले.

तेव्हा आठवले. घंटेला कधी दोन किमती द्याव्या लागणार होत्या, कधी तीन. पानात किती वाढले आहे ते बोलावलेल्याला कळणार नव्हते. म्हणून त्या दसऱ्याला, तो झेंडू तोडत असताना, मी माझ्या रुटीनमधला चारचा आकडा काढला. माझ्या सगळ्या हाका नव्या रीतीने दुरुस्त केल्या. त्याच्या भागात त्या रुटीनला एकच हाक होती. ती दुरुस्त करायला तो आल्यावर सांगू, असे ठरवले. मग खंडेनवमीला कपाट ओल्या फडक्याने पुसले आणि नियम गेले. ते मी पुन्हा मनाने लिहून काढले. पहिला नियम नव्या रीतीप्रमाणे लिहिला, म्हणजे त्याला वेगळे सांगायला नको, असे वाटले. त्यावर त्याच्याच घरून आलेल्या झेंडूची माळ लावली. तो परतला, त्याला नियम पाठ होता, त्याचाच होता. त्याने दाराकडे कशाला बघावे?

चौकशीत मी खोटे बोललो नाही. मला खात्री होती. पुसलेले आणि पुन्हा लिहिलेले माझ्या मनात एक झाले होते, आणि माझ्या अक्षरावर माझा इतका विश्वास होता की तिथे दुसरी सही नाही, हे मला दिसले नाही.

"चूक माझी होती," मी म्हणालो.

तिने कागद परत घेतला, त्याच्या घड्या नीट केल्या. "बाबांना माहीत होतं?"

"त्या दिवशीच कळलं होतं."

बायको म्हणते, मैत्रीखातर तो गप्प राहिला. मला हे मान्य नाही. तो गप्प राहिलाच नव्हता. 'अक्षर तुझं हाय' म्हणाला होता. आपल्या बाजूचा सगळा पुरावा त्याने तीन शब्दांत माझ्या हातात ठेवला होता आणि मी उठून कपाटाच्या दारापर्यंत जावे म्हणून पंधरा दिवस वाट पाहिली होती. दार माझ्या टेबलापासून चार पावलांवर होते.

यंदा खंडेनवमीला जुन्या मंडळींचा मेळावा भरला. मी उभा राहून हे सगळे सांगितले, जसे येथे सांगितले तसेच. टाळ्या पडल्या. व्यवस्थापकांनी मला मिठी मारली. "केवढं मोठं मन, साहेब. गेलेल्या माणसाचं ओझं अंगावर घेतलंत." स्मरणिकेचे संपादक म्हणाले, पुढच्या अंकात माझ्या मोठेपणाबद्दल लिहितो. मी म्हणालो, मोठेपणा नाही, हा चारचा आकडा आहे, कागद बघा. कोणी कागद बघितला नाही. वय झाले की माणूस हळवा होतो, असे कोणीतरी मागे म्हणाले. भांडारवाले गृहस्थ डोळे पुसत होते. मला कोणी भांडू दिले नाही.

तिथून मी मखमलाबादला गेलो. दसरा दुसऱ्या दिवशी होता. अंगणात झेंडूचे ढीग आणि मुलगी माळा ओवत बसलेली. तिची आई घरात होती, ती बाहेर आली नाही. मी तिला दोष देत नाही.

मी एक कोरा कागद मागून घेतला आणि कारखान्यात नियम बदलताना करत असू तशी, जुन्या रीतीने नोंद लिहिली. जुना नियम. नवा नियम. बदलाचे कारण. 'दुसऱ्याला सांगितले का?' पुढे 'नाही' लिहिले. खाली सही केली. अक्षर चांगले आले नाही.

मुलीने कागद वाचला. "दुसरी सही मी करू, काका? त्यांची मुलगी म्हणून?"

"नको. ती जागा रिकामी राहू दे."

"मग नोंद अपुरी राहील ना."

"अपुरीच आहे," मी म्हणालो. "एका सहीचा बदल आमच्यात धरत नसत. म्हणजे नियम बदललाच नव्हता. तुझ्या बाबांचा प्रोग्राम शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर होता. हे आईला वाचून दाखव."

ती कागद घेऊन आत गेली. मी ढिगापाशी बसून राहिलो. आतून बराच वेळ फक्त वाचण्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. कोणी बाहेर आले नाही. मुलीने मघाशी दिलेल्या चहाचा रिकामा कप समोर होता. तो मी हौदावर नेऊन धुतला, पालथा ठेवला आणि निघालो.