पिलांवरची मरळ

मरळ पकडायला मेहुण्याला मीच शिकवलं. म्हणून त्याच्यावरचा माझा राग आजही अर्धा माझ्यावरच येऊन पडतो.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं मुकुंदवाडीच्या पलीकडच्या तळ्यावर जायचो. बेशरमाच्या झुडपांच्या कडेला, जिवंत बेडूक लावलेला गळ पाण्यावर नुसता टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. मरळीनं तोंड घातलं की लगेच हिसका द्यायचा नाही, बेडूक गिळू द्यायचा. आणि पिलांवर असलेल्या मरळीला गळ टाकायचाच नाही. ती भुकेनं येत नाही. पिलांजवळ काही फिरकलं की चिडून अंगावर धावते. तिला पकडणं शेंबड्या पोरालाही जमेल.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी तळं मधल्या खड्ड्यापुरतं उरलं. एका बाजूनं प्लॉटिंगवाल्यांनी राडारोडा टाकून काठ आत सरकवला होता. चिखलातले मासे लोकांनी हातांनी वेचून नेले होते. एका सकाळी त्या खड्ड्यात, एकाच जागी, पाण्याला उकळी फुटल्यासारखी दिसली. मरळीची लालसर पिलं हवा घ्यायला वर येत होती. म्हणजे खाली मरळ होती. ही जगली तर तळ्यात पुन्हा मासे होतील, असं मला वाटलं.

मेहुण्यानं गळाला बेडूक लावला.

"ठेव तो खाली. पिलं दिसत नाहीत का तुला?"

"दिसतात की. म्हणून तर! दाजी, थोड्या दिसांनी इथं चिखल बी राहणार नाय. बगळ्यानं खाण्यापरीस आपण खाल्लेली बरी."

"पाऊस येईल."

"येईल हो. पण तळ्यात कुठून येईल? ओढ्यावर तर तुमचं घर हाय!" तो खदाखदा हसला. "पुढच्या दारानं घ्या पाणी अन् मागच्या दारानं सोडा."

खरंच होतं. तळ्याला पाणी आणणारा ओढा बुजवून पाडलेल्या प्लॉटवर मी घर बांधलं होतं, सगळं माहीत असून. माझं डोकं फिरलं. त्याला मारता येईना, म्हणून मी राडारोड्यातला विटेचा तुकडा उचलला आणि मरळ पळावी म्हणून पिलांच्या शेजारी जोरात भिरकावला.

ती पळाली नाही. वीट पडली तिथंच उसळून वर आली. तिची काळी पाठ आम्हा दोघांनाही दिसली. ती नेमकी कुठं आहे, हे तोवर मेहुण्याला कळत नव्हतं. त्यानं बेडूक तिथंच टेकवला.

"मानलं दाजी," दोरी ओढत तो म्हणाला, "तुमच्यावाणी उस्ताद नाय."

हा टोमणा नव्हता. मी मदत केली, असंच त्याला वाटलं होतं. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. त्यानं मरळ पिशवीत कोंबली, आणि तो एकटाच निघून गेला.

पिलं तिथल्या तिथंच फिरत होती. बगळे आले. मी हाताला लागेल ते फेकून त्यांना हाकलत दुपारपर्यंत उभा राहिलो. मग घरी टँकर यायची वेळ झाली, आणि मी निघालो.